ढाबळीच्या खिडकीतला मनोरा

तर त्या पहारेकऱ्याचे पुढचे दोन दात किल्ल्याच्या खंदकात पडले, इथवर आपण काल आलो होतो. दात पडले ते पडले, पण आलोइसचा जीव अडकला होता नाण्यात, आणि तेही दातांबरोबर खाली गेलेलं. सत्तरीला टेकलेला गडी, खाणीत राबून कंबर गेलेली, तरी उतरला गुडघाभर शेवाळात. वरून पहारेकरी तोंड दाबून ओरडतोय, "पोलीस! पोलीस!" आणि खालून हा म्हणतोय, "अरे, तुझे दातही सापडले बघ. देऊ का वर फेकून?"

भांडणाचं कारण एवढंसं होतं. आमच्या पोलंडचं सरकार तेव्हा दोन झ्लॉटीची खास नाणी काढायचं. पिवळीधमक, आणि प्रत्येकावर एकेक जुनं ठिकाण, कुठं किल्ला, कुठं चर्च, कुठं गावची वेस. बाकीचे लोक ती डबीत जपून ठेवत. आमचा आलोइस पिका ती खिशात घालून ते ठिकाण गाठायचा. त्याची रीत ठरलेली. हात लांब करून नाणं धरायचं, एक डोळा मिटायचा, आणि नाण्यावरचा मनोरा खऱ्या मनोऱ्याशी रेघेला रेघ जुळेपर्यंत मागं-पुढं सरकायचं. चित्रकाराची जागा सापडली की तिथंच उभ्यानं पाव-सॉसेज खायचं. त्याशिवाय ते ठिकाण पाहिलं असं तो म्हणायचाच नाही.

आता चित्रकाराची जागा काही आपल्या सोयीनं असते? त्या किल्ल्यात ती दोरीपलीकडं निघाली. पहारेकऱ्यानं याची कॉलर धरली, तिथंच चुकला. कोळसा फोडलेले हात ते! एका लाकडी चर्चपाशी ती जागा निघाली ऐन लग्नाच्या पंगतीत. हा एक डोळा मिटून नवरीकडं सरकतोय म्हटल्यावर नवरदेवाच्या काकांनी बाक उचलला आणि याची बरगडी मोडली. यानंही एका काकाचं नाक चपटं केलं, आणि मग त्याच काकाबरोबर व्होडका पिऊन घरी आला. बायको ट्रुडका प्रवासाच्या पिशवीत आधी आयोडीन भरायची, मग पाव.

पण एक नाणं त्यानं कधी डोळ्यासमोर धरलं नाही. आमच्याच ग्रोनोवाचं, नगरपालिकेच्या जुन्या मनोऱ्याचं. ट्रुडका चारचौघांत टोमणे मारायची, "साऱ्या देशाचे दगड पाहून आला आमचा म्हातारा. आपल्या गावचा मनोरा तेवढा चड्डीच्या खिशात!"

चित्र पाहताक्षणीच त्यानं जागा ओळखली होती. मनोऱ्याच्या खांद्यावर चर्चचा क्रूस टेकलेला दिसतो, असा तो गावात एकाच खिडकीतून दिसतो. ती खिडकी त्याच्या बापाच्या घराच्या माळ्यावरची, कबुतरांच्या ढाबळीतली. शर्यतीची कबुतरं परत कधी येतात म्हणून पोरपणी तासन्‌तास तिथं बसलेला तो. आता त्या घरात राहत होता त्याचा थोरला भाऊ, एर्विन. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती सुरकुतलेली खोबण. आणि तो डोळा फोडला होता आलोइसनंच.

झालं होतं असं. दोघंही तरुण, दोघांचीही कबुतरं. एका शर्यतीत एर्विनची लाडकी निळी मादी परतलीच नाही. आलोइसनंच पकडून लपवली, अशी एर्विनची खात्री. शनिवारी आलोइस खाणीत उतरला आणि इकडं एर्विननं त्याच्या सगळ्या कबुतरांच्या माना पिरगाळल्या, पिसं काढली आणि ती पाखरं रश्शाला म्हणून आईला दिली. कुठली, ते सांगितलं नाही. रविवारी शेवया घातलेला रस्सा ताटात आला. आलोइसनं दोनदा मागून घेतला. म्हणाला, "आई, आज रस्सा फक्कड झालाय हं."

एर्विन म्हणाला, "होणारच. तुझीच पाखरं आहेत."

आलोइसनं चुलीतली निखारे सारायची सळई उचलली. पुढं आईच्या किंकाळीखेरीज त्याला काही आठवत नाही. रस्सा लाल झाला, आणि भाऊ ताटात तोंड घालून पडला. आणि त्याच आठवड्यात ती निळी मादी पंख ओढत, चालत परत आली! ससाण्यानं फाडली होती बिचारीला. आलोइसनं तर ते घरच सोडलं, आणि तेव्हापासून भावाभावांत एक अक्षर नाही. रस्त्यात दिसले तर दोघंही थुंकायचे.

मग खाणीपायी जमीन खचली, त्या घराला उभ्या भेगा गेल्या आणि पाडायचा हुकूम निघाला. खिडकी जाणार म्हटल्यावर आलोइसची झोप उडाली. शेवटी ट्रुडकानं त्याला बजावलं, "जा, पण हात उचललास तर घरात घेणार नाही." आणि स्वतः खाली रस्त्यात उभी राहिली.

एर्विननं दार उघडलं. हातात कोळशाचं फावडं.

"काय पाहिजे?"

"माळ्यावरची खिडकी."

"दुसरा डोळा राहिलाय, तो न्यायला आलास ना?"

"नाणं जुळवायचंय, एर्विन. मग जातो."

पहिलं फावडं खांद्यावर बसलं. आलोइस जिना चढू लागला. दुसरं पाठीत, तिसरं पोटऱ्यांवर. देशभर लोकांचे दात पाडणारा हा माणूस कठडा धरून पायरी-पायरी मार खात वर गेला. त्यानं एर्विन जास्तच पिसाळला. "मार ना रे! हात झडले काय तुझे? मार, हरामखोरा!"

ढाबळीत पोहोचल्यावर आलोइसनं खिशातून नाणं काढलं, तसं एर्विननं फावड्याचा दांडा सरळ त्याच्या डाव्या डोळ्यावर हाणला. भुवई फाटली, डोळ्यावर रक्ताचा पडदा आला आणि पाहता पाहता पापणी सुजून बंद झाली. मग मात्र ट्रुडकाची ताकीद बाजूला राहिली. आलोइसनं फावडं हिसकलं आणि भावाला उचलून रिकाम्या खुराड्यांवर आपटलं. फळ्या मोडल्या, एर्विनचं मनगट मोडलं, जुनी पिसं नि वाळकी विष्ठा धुरळ्यासारखी उडाली. एर्विननं दातांनी त्याचा कान धरला. यानं त्याचं डोकं खिडकीवर आदळलं, तशी काच खळ्‌कन फुटून रस्त्यात पडली.

आणि दोघंही थांबले. काच गेल्यावर मनोरा समोर लख्ख उभा होता, खांद्यावर क्रूस घेऊन.

एर्विन भिंतीला टेकून धापा टाकत होता. तोंडातलं रक्त पुसून म्हणाला, "ती मादी परत आली, तेव्हा मी तुझ्या दारापर्यंत आलो होतो."

"मग?"

"वाजवलं नाही."

आलोइसनं नाणं त्याच्या धडक्या हातात दिलं. एर्विननं हात लांब केला. मोडक्या फळ्या पायानं सारत मागं-पुढं सरकला, मग नाणं परत केलं. आलोइसनंही धरून पाहिलं.

काचेचा आवाज ऐकून ट्रुडका धापा टाकत माळ्यावर आली. रक्त, पिसं, मोडकी खुराडी आणि खिडकीशी खांद्याला खांदा लावून उभे दोघं म्हातारे. आयोडीनची बाटली काढत ती ओरडली, "मेल्यांनो, जीव घेतलात एकमेकांचा! निदान जुळला तरी का तो मनोरा?"

आलोइस म्हणाला, "जुळला. आणि या खेपेला दोघांपैकी कुणालाच डोळा मिटावा लागला नाही."