कपाटावरून उतरवलेले बॉक्स

"बॉक्स इथेच बसणार. कपाटावर." परबकाका स्टुलावर उभे राहून मला खालून वर बघायला लावत होते. "घरात शिरलेल्या माणसाला पहिले तेच दिसले पाहिजेत."

"काका, ही बघायची वस्तू आहे की ऐकायची?"

"दोन्ही. आणि तू दुकानातून आलायस ना? मग जोड आणि जा. मला शिकवू नकोस."

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. बोरिवलीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी सर्व्हिसला होतो. गल्फहून आलेला माल लोकांच्या घरी जाऊन जोडून द्यायचा, हे माझं काम. परबांचं घर चारकोपच्या एका सेक्टरमध्ये होतं. नवीन, एकाच खोलीचं, गिलाव्याचा वास अजून न गेलेलं. काका आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झाले. मुलगा सुहास गल्फमध्ये एका केमिकल प्लँटवर. त्याने सुट्टीवर येणाऱ्या एका माणसाबरोबर कॅसेट डेक, अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर पाठवले होते.

बुकशेल्फ स्पीकर म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे लहान बॉक्स. आमच्या गिऱ्हाइकांकडे पुस्तकांची फळी कुठली असायला! ते शोकेसमध्ये जायचे, फ्रिजवर जायचे, नाहीतर परबांसारखे कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली. निघताना शेठनेही बजावलं होतं, "गिऱ्हाईक म्हणेल तिथे ठेव आणि ये. तुझा शहाणपणा दुकानात ठेवून जा." पण मला ते कधी जमलं नाही. चांगल्या वस्तूची वाट लागताना बघवत नाही, हा माझा जुना आजार.

तेवढ्यात परबकाकू चहा घेऊन आल्या आणि माझी बाजू भक्कम झाली. येत्या रविवारी घाटकोपरहून मुलीकडची माणसं येणार होती. सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. सुहासला रजा मिळत नव्हती. अशा वेळी गल्फवाल्या घरांत एक रीतच पडली होती. मुलगा हजर नसेल तर त्याची कॅसेट पाहुण्यांना ऐकवायची. सुहासची कॅसेट येऊन पडली होती.

"झील समोर नाय," काकू मुलाबद्दल म्हणाल्या, "निदान तेचो आवाज तरी बरो येवंदे."

"मग बॉक्स खाली घ्यायला लागतील, काकू."

काका पुटपुटत स्टुलावरून उतरले.

काम सोपं असतं, पण नीट करावं लागतं. दोन बॉक्स आणि ऐकणारा माणूस यांचा त्रिकोण व्हायला हवा, तिन्ही बाजू सारख्या. बॉक्समधला लहान स्पीकर, ज्यातून बारीक आवाज येतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. बॉक्स कोपऱ्यात कोंबला तर आवाज पिंपातून आल्यासारखा घुमतो. मी दोन स्टुलं मागवली, एक शेजारून आलं. बॉक्स भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, तोंडं जराशी आत वळवली आणि खुर्ची जिथे यायला हवी तिथे खडूने खूण केली.

त्या काळी टेस्टिंगची कॅसेट मी बरोबर नेत नसे. घरात असेल ती लावायची. काकूंनी दोन्ही बॉक्सना हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, पहिला आवाज त्याचाच येऊ दे. त्या खूण केलेल्या जागी खुर्चीत बसल्या. मी सुहासची कॅसेट लावली.

सुरुवातीला आवाज पोकळ, कुठूनच येत नाहीसा वाटला. एका बॉक्सच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. प्लसच्या जागी मायनस गेला की दोन बॉक्स एकमेकांशी भांडतात. वायरी बदलल्या आणि सुहास बरोबर मधोमध येऊन बसला. तिथे बॉक्सही नव्हता, काहीच नव्हतं, आणि आवाज तिथूनच येत होता. काकूंनी पदर तोंडाशी धरला.

"आई, बाबा, मी मजेत आहे. इकडची काळजी करू नका."

"बघितलंस?" काका एकदम खुलले. "ही कॅसेट आम्ही जुन्या टेपरेकॉर्डरवर कितीदा ऐकली. असा कधी आला नाही. पूर्वी पत्रं लिहायचा, हल्ली कॅसेटच पाठवतो. लिहायला वेळ मिळत नाही म्हणतो. फोटोचं बोलताना थांबत थांबत बोलतो बघ. लाजतो!"

फोटो मुलीचा. काकूंनी तो पाठवला होता आणि कशी वाटली ते कळव म्हणून लिहिलं होतं.

"फोटो मिळाला, आई," सुहास म्हणाला आणि थांबला.

त्या थांबण्यात डाव्या बॉक्सच्या बाजूने कुणीतरी कुजबुजलं. "गोल चेहरा हाय. साडी हिरवी, बारीक काठाची."

"गोल चेहरा आहे," सुहास म्हणाला. "हिरवी साडी छान दिसते तिला."

पुन्हा डावीकडून, "नाकात चमकी."

"चमकी शोभते."

"हसत नाय. पण डोले चांगले हायत."

या वेळी सुहास जास्त वेळ थांबला. "डोळे चांगले आहेत, आई."

मी डेक बंद केला. सुहासने टेप केलं असणार दोन माईकच्या स्टिरिओ टू-इन-वनवर. डावीकडे बसलेल्याचा आवाज डावीकडे राहतो. घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरचा एकच चिमुकला स्पीकर होता, त्यात ती कुजबुज खरखरीत मिसळून गेली होती. मी बॉक्स नीट लावले आणि ती वर आली.

"मागे कोण बोलता रे?" काकूंनी विचारलं.

"त्याच्या खोलीतला अन्वर," काका घाईने म्हणाले. "रत्नागिरीचा. मस्करी करत असेल."

"परत लाव."

मी परत लावलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "माझ्या झिलाक दिसणा नाय."

काका ओरडले. वेडी झालीस का, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. मी काहीतरी वेगळं सांगावं म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलायलासुद्धा थोडी तयारी लागते, ती माझी नव्हती.

मग काकांनी हलक्या आवाजात विचारलं, "मेकॅनिक, हा मागचा आवाज ऐकू येणार नाही, असं करता येतं?"

"येतं."

"कसं?"

"डावं-उजवं एक करायचं. ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, पूर्ण खाली आणायचा. आणि बॉक्स तोंड भिंतीकडे करून कपाटावर."

"मग कर. रविवारपुरतं. एकदा सुपारी फुटू दे. तिकडे मोठमोठे डॉक्टर आहेत, होईल तो बरा." त्यांचे हात जोडलेले होते. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी डावा बॉक्स उचलायला वाकलो.

काकूंनी बॉक्सवर हात ठेवला. "रवांदेत थयच. तेंचाय चेडूच आसा मा."

राहू देत तिथेच, त्यांचीही लेकच आहे ना. काका दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

रविवारी काय झालं ते काकूंनी मला नंतर सांगितलं. मुलाला दिसत नाही, हे पाहुण्यांना स्वतःच्या तोंडाने सांगणं त्यांना जमेना. त्यांनी मुलीच्या वडिलांना खडूच्या खुणेवर बसवलं आणि कॅसेट लावली. ते गृहस्थ म्हणाले, पुन्हा एकदा लावा. मग उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरच्यांना घेऊन निघून गेले. सुपारी ताटातच राहिली.

दिवाळीच्या आधी सुहास परत आला. प्लँटवर कॉस्टिक सोडा डोळ्यांत उडाला होता. एका डोळ्याची नजर परत येईल असं तिथले डॉक्टर म्हणत होते, म्हणून तो गप्प राहिला होता. ती आली नाही. डेकचा बेल्ट सैल झाला म्हणून मला बोलावणं आलं. दार काकांनी उघडलं आणि बाजूला झाले. सुहास त्याच खुर्चीत बसला होता, काळा चष्मा लावून.

"बॉक्स तुम्ही लावलेत ना?"

"हो."

"पुसून पुसून टेप केलं होतं आम्ही. अन्वरला म्हटलं, अजून हळू बोल. मला वाटलं होतं, नाही येणार ऐकू." त्याने मान डाव्या बॉक्सकडे वळवली. "चांगले लावलेत."

मी बेल्ट बदलला आणि निघालो. चहा प्यायला थांबवेना.

तेव्हापासून टेस्टिंगची कॅसेट मी माझी नेतो. तिच्यात नुसती बासरी आहे. आणि गिऱ्हाईक बॉक्स कपाटावर ठेव म्हणालं, तर मी ठेवतो आणि येतो.