चार क्विंटलचे चार हजार किलो

सिस्टरच्या टेबलावर चौथीच्या तिन्ही तुकड्यांचे गणिताचे पेपर पडले होते. प्रश्न अगदी साधा होता. चार क्विंटल तूर म्हणजे किती किलो? उत्तर चारशे. बहुतेक मुलांनी लिहिलं होतं, चार हजार.

"टीचर, मुलं चुकतात. पण सगळी एकच चूक कशी करतात?" सिस्टरनी विचारलं.

सिस्टर म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मूळच्या केरळच्या, पण लातुरात बरीच वर्षं काढलेल्या. मी ब तुकडीची वर्गशिक्षिका. आमची मिशनची प्राथमिक शाळा शहरातल्या मोठ्या शाळांपैकी एक. एकेका वर्गात साठ मुलं. भूकंपानंतरची ती वर्षं होती. गावाकडची पडलेली घरं सोडून माणसं शहरात आली होती आणि गल्लोगल्ली क्लास निघाले होते. आधी बारावीचे, मग दहावीचे, मग चौथीचेसुद्धा.

मला वाटलं, मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं. पण तीन तुकड्या, तीन खोल्या, त्यातली एक वरच्या मजल्यावर. बघणार कसं?

सिस्टरना वाटत होतं, पेपर फुटला. संशय होता शबाना टीचरवर. शबाना अ तुकडीला शिकवायची. नवीन होती, कायम झालेली नव्हती. पेपर तिनंच काढला होता. तिचा भाऊ शाळेमागच्या एका क्लासमध्ये शिकवायचा आणि आमची निम्म्याहून जास्त मुलं त्याच क्लासला जायची.

तिला बोलावलं. ती खुर्चीवर बसली नाही.

"पेपर मी घरीसुद्धा नेला नाही, सिस्टर. आणि फोडायचाच असता, तर चुकीचं उत्तर कशाला फोडलं असतं?"

मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे आमचा गोंधळ वाढलाच. सिस्टर मला म्हणाल्या, "सोमवारी कमिटी आहे. तोपर्यंत कारण सापडलं नाही, तर हिला ठेवणं अवघड आहे."

मी माझ्या वर्गातल्या अश्विनीला बाजूला घेतलं. तिच्या वडिलांची मार्केट यार्डात अडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचं दुकान. ही पोरगी पोत्यांवर खेळून मोठी झालेली.

"तुमच्या दुकानात एका क्विंटलचे किलो किती?"

"शंभर."

"मग इथे हजार का धरलेस?"

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "दुकानात शंभर असतंय, टीचर. पेपरात हजार असतंय."

"कोणी सांगितलं?"

"नोट्समध्ये हाय."

तिनं दप्तरातून शाळेमागच्या त्याच क्लासच्या झेरॉक्स नोट्स काढल्या. पहिलंच गणित होतं, 'देगलूरच्या मामांनी बाजारात तूर आणली.' मी तिथेच थबकले. देगलूरचे मामा माझे आहेत. मुलांना गंमत वाटावी म्हणून मी त्यांना गणितात आणायची. म्हणजे या नोट्स माझ्या वर्गातल्या कुणाच्या तरी वहीवरून उतरवल्या होत्या. खाली लिहिलं होतं, एक क्विंटल म्हणजे हजार किलो.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. चूक उतरवणाऱ्याची असणार. खात्री करायला ब तुकडीच्या वह्या मागवल्या. पहिल्या वहीत हजार. दुसऱ्या वहीत हजार. जवळजवळ सगळ्या वह्यांत हजार, आणि त्या प्रत्येकीवर माझी लाल पेनची टिक आणि सही.

मला काही उमगेना. मी असं कसं शिकवेन? माझ्या वर्गात बरोबर उत्तर लिहिणारी सात मुलं होती. वहीवरची तारीख पाहिली आणि हजेरीपत्रक काढलं. ती सातही मुलं त्या दिवशी गैरहजर होती.

मग हळूहळू आठवलं. त्या दिवशी मी फळ्यावर वजनाची एककं लिहीत होते. 'एक क्विंटल बरोबर' एवढं लिहिलं आणि बाक हादरले. त्या काळात जरा काही हललं की मुलं मैदानाकडे पळायची आणि आम्हीही पळू द्यायचो. बाहेर भरलेला ट्रक गेला होता, बाकी काही नाही. परत येऊन मुलं बसेपर्यंत अर्धा तास गेला. मी खडू उचलला आणि टनाचे हजार किलो क्विंटलपुढे लिहून मोकळी झाले. टनाची ओळ राहूनच गेली.

आणि वह्या? आमच्याकडे वही तपासायची म्हणजे ती पूर्ण आहे का, तारीख आहे का, अक्षर नीट आहे का, एवढंच बघायचं. वाचायचं कोणीच नाही. मीही वाचली नव्हती.

सिस्टरना जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी बाकीच्या दोन तुकड्यांचे पेपर पुढे ओढले.

"पण अ आणि क तुकडीच्या वह्यांत तर शंभरच आहे ना?"

"हो."

"मग त्या मुलांनी हजार का लिहिलं?"

"वही दाखवायला असते, सिस्टर. पाठ नोट्स करतात."

दुसऱ्या दिवशी शबानाचा भाऊ आला. बिचारा घामाघूम झाला होता. म्हणाला, "मॅडम, ब तुकडीची वही लई नीट असती, म्हणून तीच उतरवून घेतो."

"वाचून नाही बघितली?"

"वाचली की. जरा चमत्कारिक वाटलं. पण खाली तुमची सही होती."



सोमवारी कमिटीपुढे मी चूक कबूल केली. मला लेखी समज मिळाली. शबाना राहिली आणि पुढच्या वर्षी कायम झाली. मी तिन्ही वर्गांत जाऊन दुरुस्ती सांगितली आणि पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. बहुतेकांचं बरोबर आलं. काहींनी तरीही चार हजार लिहिले, कारण जुन्या नोट्स अजून दप्तरात होत्या. क तुकडीतल्या एका मुलीनं दोन ओळी लिहिल्या होत्या. 'शाळेचं उत्तर चारशे. क्लासचं उत्तर चार हजार.'

तिला मी अर्धा मार्क दिला. तो बरोबर दिला की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवृत्त होईपर्यंत मी सही करण्याआधी वही वाचत राहिले. साठ वह्या वाचायला दोन दिवस लागतात. तोवर क्लासवाले पुढचा धडा संपवून बसलेले असतात.