पोस्टरवरची क्वार्टरबॅक

क्षमाच्या उजव्या हाताबद्दल कॉलेजात एक कथा सांगतात. ती चांगली आहे, फक्त खोटी आहे. खारदांड्याच्या कोळीवाड्यातली ही पोर लहानपणापासून बापाबरोबर समुद्रात जाळं फेकायची, म्हणून तिचा हात एवढा लांब जातो, अशी ती कथा. प्रत्यक्षात तिचे वडील चंद्रप्रकाश लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत आहेत आणि होडीत बसलं की त्यांना मळमळतं. आजोबांची होडी क्षमाच्या जन्माआधीच विकली गेली. शिवाय दांड्यात जाळं टाकायला पुरुष जातात. बायका मासळी विकतात आणि पुरुषांना बोलतात. क्षमाची आई रुक्मिणी खारच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहे. त्यामुळे तिच्याकडे यातलं फक्त बोलणं उरलंय.

हात तयार झाला तो क्रिकेटमुळे. खरं तर क्रिकेट न मिळाल्यामुळे. ओहोटीला वाळू उघडी पडली की थोरला भाऊ प्रीतम आणि त्याचे मित्र खेळायला उतरायचे. क्षमाला घ्यायचे, पण एका अटीवर.

"तू लांब उभी राहा गं. पाण्याकडे."

"आणि बॅटिंग?"

"उद्या."

पाण्यात गेलेला चेंडू आणायचा आणि तिथूनच थेट स्टंपवर फेकायचा, हे तिचं काम. उद्या काही आला नाही. हात मात्र आला.

अंधेरीच्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला असताना तिथे मुलींचा फ्लॅग फुटबॉल सुरू झाला. हा अमेरिकन खेळ. चेंडू न सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे टोकदार. कुणी कुणाला पाडायचं नाही, कमरेला लटकवलेली फडकी ओढायची. जिमखान्याचे शिवदास सर मूळचे कबड्डीचे. एका शिबिराला जाऊन ते या खेळाचे प्रशिक्षक होऊन परतले. पहिल्या वर्षी संघ तिसरा आला. स्पर्धेत संघ तीनच होते.

त्या वर्षी क्षमा धावून झेल घ्यायची. पण तिचं लक्ष असायचं क्वार्टरबॅककडे. प्रत्येक डाव सुरू होताना चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. कुठे जायचं, कुणाला द्यायचा, ते ती ठरवते. आयुष्यभर दुसऱ्यांनी मारलेला चेंडू आणून देणाऱ्या मुलीला हे काय वाटलं असेल, ते सांगायला नको. यंदा क्वार्टरबॅकची जागा रिकामी झाली आणि क्षमाचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष होतं. या वर्षी नाही तर कधीच नाही.

दावेदार दोघी. दुसरी बोरीवलीची निधी. तिला वाईट म्हणायची सोय नाही. वेळेवर यायची, सगळे डाव तिला पाठ होते, आणि क्षमाला डबाही द्यायची. सरांनी गोलपोस्टला जुना टायर बांधला आणि महिनाभर दोघींना त्यातून चेंडू फेकायला लावलं. क्षमाचा चेंडू टायरच्या आतून जायचा. निधीचा टायरला भेटून परत यायचा.

"काय यार, तुझ्या हातात जीपीएस आहे का?" निधी म्हणायची.

सर म्हणायचे, "बघू."

दरम्यान कॉलेजच्या ऑनलाइन पानावर हंगामाचा अंदाज झळकला: 'यंदा पहिल्या पाचांत येणारच!' यंदा संघ पाच होते. तो मजकूर मीरा मॅडमचा. कॉलेजची प्रसिद्धी त्यांच्याकडे होती. त्यांना पोस्टर करायचं होतं आणि क्षमा दांड्याची आहे हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

"घरी जाळं असेल ना गं?"

"नाही मॅडम. मी जाळं कधी फेकलेलंच नाही."

"अगं, पण लोकांना काय माहिती?"

क्षमा तयार झाली. पोस्टरवर आपण, म्हणजे क्वार्टरबॅक आपणच, असा हिशेब तिने केला. एकविसाव्या वर्षी माणूस असले हिशेब करतो. शेजारच्या शेवंतीमावशीने जाळं दिलं, वर विचारलं, "फाटलं तं शिवनार कोन, तुजी मॅडम?" फोटो निघाला: एका खांद्यावर जाळं, दुसऱ्या हातात चेंडू. खाली ओळ: 'समुद्राच्या लेकीचा हात!' पोस्टर गेटवर लागलं. दांड्यात मोबाइलवर फिरलं. प्रीतमनेसुद्धा स्टेटसला ठेवलं.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरांनी संघ वाचला. क्वार्टरबॅक, निधी. क्षमा राखीव.

"पण सर, टायर?"

"टायरचं सोड. निधीचे आईवडील प्राचार्यांना भेटून गेले. म्हणाले, सगळं एकीलाच का? बरोबरच आहे ना. तुझं एवढं मोठं पोस्टर लागलंय. आता तिला खेळू दे. दोघींना काहीतरी मिळायला नको?"

निधी बुटाच्या लेसशी खेळत होती. "मला पण विचित्रच वाटतंय यार," ती म्हणाली. पण नको म्हणाली नाही.

सामन्याला रुक्मिणी रजा टाकून आली. बरोबर शेवंतीमावशी आणि आळीतल्या आणखी बायका. गेटवर पोस्टरखाली त्यांनी फोटो काढून घेतले आणि आत येऊन बसल्या. सामना सुरू झाला. मुली धावल्या, फडकी ओढली गेली. क्षमा रेषेबाहेर उभीच.

रुक्मिणी मागून ओरडली, "काय गो, तुला कवा घेनार?"

"घेतलंय ना," क्षमा मागे न बघता म्हणाली. "फोटोत."

निधीचा एक चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून रेषेबाहेर आला आणि क्षमाच्या पायाशी थांबला.

"क्षमा, बॉल दे!" सरांनी पलीकडून हात वर केले. अंतर मोठं होतं, पण तिच्या हाताला त्याचं काही नव्हतं. तिने चेंडू उचलला. हात खांद्यामागे गेला. बायका उठून उभ्या राहिल्या.

हात खाली आला. क्षमा चेंडू काखेत धरून चालत मैदानात शिरली. पंचांनी शिट्टी वाजवली, सर "अगं, फेक ना!" म्हणत राहिले. ती आपल्या चालीने मधोमध गेली आणि चेंडू निधीच्या हातात दिला.

"फेकायला काय झालं होतं?" सर चिडले.

"फील्डिंग सोडली, सर."

ती परत राखीवांकडे गेली नाही. बायकांना घेऊन सरळ गेटकडे निघाली. पोस्टरखालून जाताना शेवंतीमावशी तेवढी थांबली, वर बघून म्हणाली, "माजं जालं मातर झकास आलंय."

संघ पाचवा आला. कॉलेजच्या पानावर मीरा मॅडमनी लिहिलं: 'अंदाज खरा ठरला!' सोबत फोटो क्षमाचाच होता.