अस्वल झालेली आई

तासगावच्या स्टँडवर आईने माझ्या अडीच वर्षांच्या मनूला कडेवर घेतलं, तिचं तोंड फुगेवाल्याकडे केलं आणि मला हळूच म्हणाली, "चढ आता. मागं बघू नगंस, ती रडंल." मी चढले. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली होती, पण वाशिम जिल्ह्यात, मेडशीला. नवरा सैन्यात. अनोळखी गावात एकटीने लेकरू कसं सांभाळणार, म्हणून मनू आईकडे राहिली.

मेडशीत शेवंताकाकूंनी घरातली पुढची खोली भाड्याने दिली. गावाला लागून त्यांचा भाजीचा मळा होता. मी कोथिंबीर मागितली की म्हणत, "सांबार म्हना, मॅडम." हळूहळू मीही सांबारच म्हणू लागले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मनू आईच्या पदराआड लपली. खाऊ पुढे केला तर घेतला आणि मला म्हणाली, "मावशी, अजून दे." हे मी कुणाला सांगितलं नाही.

परत आल्यावर संध्याकाळी खोली खायला उठे. म्हणून अंधार पडला की पाचवीच्या मुलांना शाळेच्या मैदानावर बोलवून तारे दाखवू लागले. डी.एड.ला असताना वाचलेल्या ग्रीक कथा कामी आल्या. हिवाळ्यात शिकारी ओरायन झाला, रूपाची बढाई मारणारी राणी कॅसिओपिया झाली. एप्रिलमध्ये सप्तर्षी वर आले.

"हे तर खाटलं हाय, मॅडम. अन् हे मागचे तीन चोर," मुलं चौकोनातल्या चार ताऱ्यांकडे बोट करत म्हणाली. मी म्हटलं, ग्रीकांना तिथे अस्वल दिसलं. कॅलिस्टो नावाची एक आई होती. देवांच्या राणीने रागाने तिचं अस्वल केलं. ती रानात भटकत राहिली आणि इकडे तिचा मुलगा मोठा होऊन शिकारी झाला. एक दिवस दोघं समोरासमोर आले. तिने त्याला ओळखलं, ती धावली. त्याला दिसलं फक्त अस्वल. त्याने भाला उचलला.

"मायले पोरगं वळखत नाई, असं कसं, मॅडम?" काकूंच्या नातीने, वैष्णवीने विचारलं. "कोनी सांगतलं नाई त्याले?"

मी पदराने डोळे पुसले. देवाने दोघांना उचलून आकाशात शेजारी शेजारी ठेवलं, हे मी कसंबसं सांगितलं आणि मुलांना घरी पाठवलं.

नातीला न्यायला आलेल्या काकू पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या. घरी आल्यावर त्यांनी चहा ठेवला. "तुमी कायले रडून राह्यल्या?" त्यांनी सरळ विचारलं. मी दिवाळीचं सांगितलं.

"सुट्टीत घेऊन या तिले. तुमी शाळेत गेल्या का मी पाहीन. सहा नातवंडं पाह्यली, सातवं काही जड नाई."

मे महिन्यात मनूला आणायला गेले. आईने एकेक फ्रॉक स्वतः घडी घालून पिशवीत ठेवला. "रात्री दूधभात लागतो तिला," एवढंच म्हणाली आणि आत गेली. माझ्यासाठी तिने पोरीला जीव लावला आणि माझ्यासाठीच परत दिली. याचे आभार मी अजून नीट मानलेले नाहीत.

सुरुवातीला मनू आजीसाठी फार रडली. काकू तिला मळ्यात नेत, वांगी तोडायला लावत. श्रावणात एकदा शाळेच्या फाटकाशी तिने काकूंच्या कडेवरून माझ्याकडे झेप घेतली. "आई आली," ती म्हणाली.

नवराही निवृत्तीनंतर इथेच आला. तासगावकडे बदलीचा अर्ज मी दोनदा भरला होता, तिसऱ्यांदा भरलाच नाही.

यंदा कॉलेजच्या फॉर्मवर मनूने 'मूळ गाव'पुढे मेडशी लिहिलं. आई तेव्हा इथेच आली होती. तिच्या मनाला लागेल म्हणून मी कागद हळूच बाजूला सरकवला, पण तिने तो मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला.

"ऱ्हाऊ दे. खरंच हाय ते," ती म्हणाली. मग काकूंसाठी आणलेली बेदाण्याची पिशवी उचलून त्यांच्याकडे गेली. मी दारात आले. माझी पोर वाढवणाऱ्या दोघी ओट्यावर बसून बोलत होत्या, आणि मला आणखी कुठे जायचं राहिलंय असं वाटलं नाही.