राजेश्वरीआक्काचा नऊ नंबर

वडगावात कुणी साडी दाखवली, की राजेश्वरीआक्का आधी ती उलटी करते. पदराचं कौतुक मागाहून. "पुढून समद्याच गोड दिसत्यात गं," ती म्हणते, "विणणाऱ्यानं काय लपवलंय ते मागून कळतं." ती विणकराची लेक, पण गल्लीत सगळ्यांत आधी कॉम्प्युटर शिकली ती हीच. आता शहापुरात तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. न उघडणाऱ्या जुन्या फायली घेऊन लोक तिथंच येतात.

परवा यमनाप्पा आले, वडगावचे पॉवरलूमवाले. बरोबर नातू मंथन, बेंगळुरूचा इंजिनिअर, हातात पेनड्राइव्ह.

"राजी, ह्याच्या बहिणीचं लगीन हाय. तिला तिच्या आज्जीनं, ताराबाईनं काढलेलाच काठ पायजे. नव्या मागासाठी त्या काठाचा कॉम्प्युटरातला प्रोग्रॅम बदलायचा, तर त्यो उघडंना बग."

मंथन म्हणाला, "आक्का, फाइल डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या नऊ नंबरच्या व्हर्जनमध्ये केलीय, तसं तिच्यातच लिहिलंय. नऊ आणून घातलं, तर नुसत्या चुका. आता कन्व्हर्ट करू का विचारतेय. हो म्हणू?"

"हात लाव, मग बघ! एकदा बदलली की मागं येत न्हाय. कॉपी हाय?"

"नाही."

"बेंगळुरात ह्येच शिकिवत्यात व्हय रं?"

कॉपी काढून आक्कानं फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. म्हणजे साडी उलटी केली. पहिल्याच ओळीत नऊ.

"हे नऊ बाजारात कवा आलं?"

"दोन हजार सातच्या शेवटी."

"आनि फाइल कवाची?"

मंथननं वाकून पाहिलं. "मार्च... दोन हजार सहा?"

"मंजे जल्माच्या आदीच बारसं!"

आक्का हसत हसत खाली सरकत गेली. आतल्या सगळ्या ओळी सात नंबरच्या होत्या. मग तिचं हसू एकदम थांबलं.

मार्च दोन हजार सहा. तेव्हा ती यमनाप्पांकडंच कामाला होती, आणि हा प्रोग्रॅम तिनंच लिहिला होता. तिचं लग्न ठरलं आणि यमनाप्पा म्हणाले, "आता ही कशाची येतीय!" तिला न विचारताच काम निपाणीच्या एकाला देऊन टाकलं. शेवटच्या दिवशी तिनं पहिल्या ओळीतला सात खोडला आणि नऊ लिहिला. तेव्हा नऊ कुठल्याच दुकानात नव्हतं.

आता सात म्हणावं, तर चोरी उघडी पडणार. गप्प बसावं, तर पोरीचा काठ गेला.

"सातची हाय," ती म्हणाली.

"मग नऊ कुणी लिहिलं?"

"मी." तिनं यमनाप्पांकडं सरळ पाहिलं. "मला न विचारता माझं काम दुसऱ्याला दिलतं तुमी, अण्णा."

यमनाप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ठावं हाय. त्यो निपाणीवाला महिनाभर नऊ हुडकत फिरला. शेवटी हात जोडून गेला. जाताना म्हनला, तुमच्याकडच्या त्या पोरीनंच कायतरी केलंय."

"आनि इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? चूक माझीच हुती."

आक्कानं नऊचा सात केला. दुकानातल्या सात नंबरवाल्या जुन्या मशीनवर फाइल निमूट उघडली, आणि पडद्यावर ताराबाईचा काठ आला: आंब्याच्या पानाआड चिमणी, मध्ये एक पान चुकून उलटं.

मंथन बहिणीला फोटो पाठवायला बाहेर गेला. यमनाप्पा टेबलावर वाकले.

"राजी, बंद करताना परत नऊ घाल गं."

"का वो?"

"न्हायतर ह्ये पोरगं पुढच्या खेपेला तुजं काम दुसऱ्याकडं न्हेईल."