दर पंधरा पावलांवर एक ग्रह

तुमची चूक झाकायला तुमच्या घरचं लेकरू चारचौघांत खोटं बोललंय कधी? ओळंब्याची नात बोलली.

ओळंबा म्हणजे फरशीवाला. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. याची एक फरशी चाळीस वर्षांत रेघेबाहेर गेली नाही, म्हणून हे नाव पडलं. नावासोबत ताठाही आला.

वाचनालयाच्या बाईंनी त्याला काम दिलं. दाराशी सूर्याची पिवळी फरशी, पुढे फुटपाथवर आठ ग्रह. आईबापांनी पोरांना घेऊन सूर्यापासून पावलं मोजत चालायचं, म्हणजे कोण किती लांब ते पायांना कळेल. अंतरांचा कागदही दिला, पोरांच्या पावलांच्या मापात: पृथ्वी दहा पावलांवर, मंगळ पंधरा, गुरू बावन्न, शेवटचा नेपच्यून तीनशे.

कागद बघून ओळंब्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. पहिले चार दाटीवाटीत आणि बाकीचे पळून गेल्यासारखे. लोक म्हणतील, म्हाताऱ्याची नजर गेली. त्याने कागद खिशात कोंबला आणि दर पंधरा पावलांवर एक, अशा आठही फरश्या रस्त्याच्या कोपऱ्याच्या आत बसवून टाकल्या. बाई मध्येच बघायला आल्या, तर म्हणाला, "तुम्ही पुस्तकं सांभाळा. फरशी मी बघतो."

रविवारी सगळे जमले. सर्वांत पुढे नात, हातात बाईंनी पोरांना वाटलेला तोच अंतरांचा कागद.

"आबा, पृथ्वी दहावर पाहिजे. ही पंचेचाळीसवर आलीय."

"तुझी पावलं बारकी."

हशा पिकला.

"बारकी असली तरी सगळी सारखीच टाकली ना."

"गप. चाळीस वर्षं मी काय झोपा काढल्या? कागदच चुकलाय."

बाई काही बोलणार, तोच नातीने आजोबाचा चेहरा पाहिला. "नाही बाई, मीच चुकले. मला नीट वाचता आलं नाही."

"हिला म्हणे सगळे ग्रह पाठ," वर्गातली एक फिदीफिदी हसली. नात चपलेकडे बघत राहिली.

ओळंब्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने नातीला घेऊन वाट धरली. घरी जाताना तिने त्याचा हात सोडला नाही, ते जास्त लागलं.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी, रस्ता भरलेला असताना, तो छन्नी-हातोडी घेऊन बसला.

"काय ओळंब्या, घातलेलं उखडतोस?" चहावाला म्हणाला.

त्याने हातोडी खाली ठेवली. "चुकलं होतं. माझं. नात बरोबर होती."

विचारील त्याला हेच सांगितलं. ती फिदीफिदी हसणारी आली, तेव्हा कुणी न विचारताच सांगितलं. मग नातीला म्हणाला, "चल, मोज. तुझ्याच पावलांनी." तिची टाच थांबली तिथे फरशी बसली. नेपच्यून कोपरा ओलांडून पार बस डेपोच्या फाटकाशी गेला. पंधराव्या पावलावरच्या खळग्यात मंगळ चपखल बसला. बाकी सात खळगे त्याने सिमेंटने भरले. ती ठिगळं अजून दिसतात. घासून गुळगुळीत करायला तो तयार नाही.

तुमच्याही घरात कुणी तुमच्यासाठी मान खाली घातली असेल, तर ज्यांच्यासमोर घातली त्यांना गोळा करा, आणि त्यांच्यासमोरच सांगा की चूक तुमची होती.