पुराच्या मालातली रॅकेट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय चुकवून पुढे जाते — त्याला माहीत असेलच म्हणून. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही माझ्या दुकानात कधी आला नसाल, एवढंच कारण असेल. गिऱ्हाईकाला मी हे सांगू शकले नसते.

महाडच्या बाजारपेठेत आमचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. आधी बाबांचं, आता माझं. रॅकेट घ्यायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — अंगणात खेळणार की कोर्टवर? लोक हसतात. रॅकेट ती रॅकेट, त्यात एवढी चौकशी कसली? पण चौकशी हवीच. अंगणात, सुट्टीत, पाहुणे आलेत म्हणून खेळायचं असेल तर स्टीलची घ्या. जड असते, डोक्याखाली सांधा असतो, जाळी ढिली, पण आपटली, पावसात राहिली तरी कुणी रडत नाही. प्लास्टिकच्या फुलाला ती पुष्कळ झाली. आणि कोर्टवर खेळायचं असेल, पिसांच्या फुलाने, घाम गाळून, तर मात्र अखंड कार्बनची. हातात घेतल्यावर आहे की नाही असं वाटलं पाहिजे. गटिंग, म्हणजे जाळीची तार, घट्ट, मूठ आपल्या बोटांच्या मापाची. तिथे काटकसर करायची नाही, नाहीतर खेळूच नका.

असं मी बोलते आणि लोकांना पटतं. 'नीलाताईंकडे जा, त्या फसवायच्या नाहीत,' असं पोलादपूरपर्यंत बोललं जातं म्हणे. पूर्वी हे ऐकलं की मी मान खाली घालून बिलं चाळत बसायचे. आता तसंही करत नाही. सुट्टे पैसे मोजून देते आणि पुढच्या माणसाकडे बघते.

पण हे असं सांगून तुम्हाला काही कळणार नाही. आधी पुराचं सांगायला हवं.

सावित्रीचं पाणी चढलं की आमच्याकडे भोंगा वाजतो. भोंगा वाजला की अख्ख्या पेठेत एकच काम — माल वर. माळा केवढासा, माल केवढा! म्हणजे काय वाचवायचं आणि काय पाण्याला सोडायचं, ते तिथल्या तिथे ठरवायचं. आमच्याकडे कार्बनच्या रॅकेटी आधी वर जायच्या. स्टीलच्या, सांध्याच्या, फळीवर राहिल्या तर राहिल्या. पाणी ओसरलं की चिखल उपसायचा, भिजलेलं धुऊन-पुसून दुकानापुढे मांडायचं. तो पुराचा माल. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं तो घ्यायला मुद्दाम खाली उतरतात, कारण स्वस्त मिळतो. त्यात लपवाछपवी नसते. आमच्या पेठेची ती रीतच आहे — पुराचा माल पुराचा म्हणूनच विकायचा. गिऱ्हाईकाने नाही विचारलं तरी आपण होऊन म्हणायचं, "याला पाणी लागलंय हो." बाबा तर साधा प्लास्टिकचा चेंडू विकतानाही म्हणायचे. चेंडूला पाणी लागून काय होणार? पण म्हणायचे. म्हटल्याशिवाय वस्तू हातातून सुटायची नाही त्यांच्या.

मी त्यांचीच मुलगी. हे वाक्य मला लहानपणापासून पाठ होतं.

आता वनिता.

वनिता कुडपणची. वर डोंगरावरच्या पठारावर घर, गुरं, थोडी शेती. अकरावीला खाली आली, महाडजवळच्या सव गावात मावशीकडे राहायची आणि तिथून कॉलेजला यायची. मी तिच्या एक वर्ष पुढे. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट ही. कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही चार-पाच मुली बॅडमिंटन खेळायचो, त्यांत मी पहिली. का नसणार? दुकान आमचं, रॅकेटी आमच्या. ही पोरगी दारात उभी राहून बघायची. एकदा मीच तिला आत बोलावलं, जरा गंमत करू म्हणून. पहिल्या दिवशी तिने फूल छपरात अडकवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. वर्षभराने तिच्यासमोर हसण्याची माझी हिंमत नव्हती.

काय मनगट होतं तिचं! विळ्याने गवत कापणारं मनगट. फटका कुठे जाणार ते शेवटपर्यंत कळायचंच नाही. आणि हे सगळं कॉलेजच्या जुन्या, जाळी उसवलेल्या रॅकेटीने. सरावात ती मला हरवायची आणि वर म्हणायची, "ताई, तुमचं आज ध्यान नाय." खोटं नाही, खरंच तसं वाटायचं तिला. मला ते जास्त लागायचं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला मुलींमधून एकच नाव जायचं होतं. वनिता किंवा मी, आमच्या दोघींत सामना. माझ्यासाठी काय होतं त्यात? एक प्रमाणपत्र, पेठेतलं कौतुक. तिच्यासाठी काय होतं ते मला पक्कं माहीत होतं, कारण तिनेच सांगितलं होतं. निवड झाली तर कॉलेजचे खेळाचे सर तिची पुढच्या शिक्षणाची, वसतिगृहाची सोय लावणार होते. नाही झाली तर बाप म्हणाला होता, खेळ पुरे, घरी ये, स्थळ बघतो. एवढं सरळ होतं ते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

गणपती झाल्यावर ती दुकानात आली. बाबा नवा माल आणायला मुंबईला गेले होते आणि गल्ल्यावर मी होते. तिच्या बापाने रॅकेटीसाठी म्हणून वेगळे पैसे दिले होते, चांगली घे म्हणाला होता. पैशाची अडचण नव्हतीच. ती म्हणाली, "ताई, मला यातलं काय कळत नाय गो. तुमी द्याल ती."

तुमी द्याल ती!

माळ्यावर एक कार्बनची होती. कोरडी, पिशवीतली, तिच्या बोटांच्या मापाची. मी वर बघितलंसुद्धा. आणि खाली फळीवर दुसरी होती — ॲल्युमिनियमचं डोकं, कार्बनची दांडी, दिसायला झकास. महिन्याभरापूर्वी तिने पुराचं पाणी खाल्लं होतं. मुठीतलं लाकूड फुगून पुन्हा सुकलं होतं आणि आतला डिंक सुटायला आला होता. मला कसं ठाऊक? मीच ती धुतली होती, मीच तिच्यावर नवी पांढरी ग्रिप गुंडाळली होती. हातात धरून जोरात झटकली की आत बारीक टक्-टक् वाजायचं. अंगणासाठी कुणाला तरी देऊ, पाणी लागलंय असं सांगून, असं बाबांनी ठरवलं होतं.

मी तिला सांगितलं, वरची कुणाच्या तरी ऑर्डरची आहे. आणि ही दिली. किंमत जरा कमी लावली. माझे उपकार मानत गेली ती. ते एक वाक्य — पाणी लागलंय हो याला — ते मी बोलले नाही.

बस्स. एवढंच. हेवा वाटला म्हणून केलं. घाईत राहून गेलं, विसरले, असलं काही नाही. मी ती रॅकेट फळीवरून काढली, फडक्याने पुसली आणि दिली. दोनदा विचार केला का? नाही. काही वाटलं का? आठवत नाही. बहुतेक भूक लागली होती.

सामन्यात पहिला गेम तिने घेतला. दुसऱ्यात ती पुढे होती. मी एक उंच फूल टाकलं, ती मागे सरकली, उडी मारून हाणलं — आणि रॅकेट मुठीतून निसटून जाळ्याला जाऊन अडकली. पांढरी मूठ तेवढी तिच्या हातात. हॉलभर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "अगं, विळा नाय तो!" तीही हसायला गेली, पण ते जमलं नाही. कुणाची तरी दुसरी रॅकेट घेऊन ती खेळली. पण त्यानंतर तिने एकही फटका जोरात मारला नाही. प्रत्येक वेळी हात आखडता घ्यायची, ही पण मोडेल म्हणून. मला तिकडून दिसत होतं ते सगळं. मी तिला मागे-मागे उंच फुलं देत राहिले.

मी जिंकले. लोकांनी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. मला वाटलं, आता फुटलं. बाबा परत आले होते, समोरच बसले होते. तिने पिशवीतून रॅकेटीचे दोन तुकडे काढून गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाली, "काका, तुमची चांगली रॅकेट माझ्या हातनं मोडली. माझा हातच जड हाय. गुरांमागचा हात, त्याला हे नाजूक काम झेपायचं नाय." माफी मागायला आली होती ती! आमच्याकडे. कुडपणला परत निघण्याआधी तेवढ्यासाठी वाट वाकडी करून.

ती गेल्यावर बाबांनी मूठ उचलली. ग्रिप थोडी उलगडली. नाकाजवळ नेली. पुराच्या चिखलाचा वास लाकडातून जात नाही, पेठेतल्या कुणालाही विचारा. मग त्यांनी मला विचारलं, "हिला सांगितलं होतंस ना, पाणी लागलंय म्हणून?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी ग्रिप पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "मग कशाला घेतली पोरीने? स्वस्त मिळाली म्हणून घेतली असेल. हातचं घालवलं." आणि तुकडे रद्दीत टाकले. बाबा जाईपर्यंत त्यांच्या मनात वनिता म्हणजे हावरटपणा करून नुकसान करून घेतलेली पोरगी, हेच राहिलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं? मी विचारलं नाही. विचारून काय करणार होते?

जिल्ह्याला मी पहिल्याच फेरीत हरले. त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. वनिता वर कुडपणला परत गेली, पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पोलादपूरकडच्या कापडे गावात दिली. भाताची शेती, सासू-सासरे, दोन मुलं. मला पत्रिका आली होती. मी गेले नाही, भांडी पाठवली.

इथेच थांबावं असं वाटत होतं. पण मग ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल, आणि अर्धं सांगायचं होतं तर तोंड उघडलंच कशाला?

गेल्या वर्षी ती आली. दुकानात शिरताच ओळखलं मी. अंगाने भरलेली, केस कपाळावर पांढरे, हसणं तेच. बरोबर उशिरा झालेली धाकटी मुलगी, सातवी-आठवीतली. पोरीला म्हणाली, "ह्या नीलाताई. ह्यांनीच मला खेळायला शिकवलं." माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, शाळेत हिला बॅडमिंटनचं याड लागलंय. तुमी द्याल ती."

तेच शब्द. तिला आठवतही नसतील.

मी सवयीने पोरीला विचारलं — अंगणात खेळणार की कोर्टवर? पोरीने वर बघितलं. कार्बनच्या आता मी समोर काचेतच लावते, त्यांच्याकडे बघितलं. तोंड उघडलं होतं तिने. तेवढ्यात वनिता म्हणाली, "अंगणात गो. कोर्ट कुठलं आमच्या नशिबात? हिचा पण हात माझ्यासारखाच, जड. चांगली दिली तर मोडून ठेवील. लोखंडाचीच द्या."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाबा नव्हते. घाई नव्हती. वनिता स्टुलावर बसून पदराने वारा घेत होती आणि माझ्याकडे मायेने बघत होती. सांगायला याहून सोपा दिवस कुठला मिळणार होता?

मी स्टीलची काढली. पोरीने ती घेतली आणि तिथल्या तिथे एकदा हवेत फिरवली. शेवटच्या क्षणी मनगट वळलं. फटका कुठे गेला असता, मला कळलं नाही.

"याला पाणी लागलेलं नाहीये," मी म्हटलं. वनिताला कळेना, मी हे का सांगतेय. ती हसली आणि म्हणाली, "तुमच्याकडची म्हटल्यावर बघायचं काय त्यात?"

रॅकेट पिशवीत घालून मी पोरीच्या हातात दिली.